जोडधंदा म्हणून झिडकारलेले श्रम

दरवर्षी २० मे रोजी जागतिक मधमाशी दिन साजरा होतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार २०१८ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला आणि तेव्हापासून त्या दिवशी सरकारी सभागृहांतून मधमाशीची थोरवी गायिली जाते. माशी शेतकऱ्याची मैत्रीण कशी, परागीभवनाने पिकांचे उत्पन्न कसे वाढते, एका थेंब मधासाठी ती किती फुले धुंडाळते, हे सारे सांगून होते. शाल-श्रीफळ होते, चहापान होते आणि सभा विसर्जित होते. नेमक्या त्याच दिवसांत सह्याद्रीच्या माथ्यावर जांभूळ, गेळा, हिरडा यांचा फुलोरा ओसरत आलेला असतो. पावसाच्या आत अखेरचा मध काढून घ्यावा म्हणून मधपाळाचे कुटुंब पहाटेपासून राबत असते. सभागृहात त्या कुटुंबातील कोणी नसते. यावयास त्यांना सवड नसते, आणि ते आले नाहीत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

माशीच्या श्रमाचे गुणगान करणाऱ्यांना माणसाच्या श्रमाचा इतका सहज विसर का पडावा? याचे उत्तर एका शब्दात दडलेले आहे. तो शब्द म्हणजे ‘जोडधंदा’. गेली कित्येक दशके मधमाशीपालनाविषयीच्या प्रत्येक पत्रकात, प्रत्येक भाषणात आणि प्रत्येक योजनेच्या पहिल्या परिच्छेदात हा शब्द न चुकता येतो. वरकरणी तो निरुपद्रवी आहे; शेतकऱ्याने शेतीला जोड म्हणून आणखी काही करावे, यात आक्षेपार्ह ते काय? परंतु व्यवहारात या शब्दाचा अर्थ फार वेगळा होतो. ज्या कामाला एकदा जोडधंदा म्हटले, त्या कामाची पूर्ण मजुरी देण्याच्या जबाबदारीतून व्यापारी, ग्राहक आणि सरकार हे तिघेही मोकळे होतात. पोट शेतीवर भरते, मधाचे पैसे म्हणजे वरकड, असे एकदा गृहीत धरले की त्या वरकडीचा हिशेब कोण मागणार?

पेटीमागचे कुटुंब

तेव्हा हे काम प्रत्यक्षात काय असते, ते आधी पाहिले पाहिजे. सह्याद्रीतील मधपाळ बहुधा सातेरी माशी पाळतो. आग्या माशी उंच कड्यावर वा झाडावर उघडे पोळे बांधते, ती पेटीत राहत नाही. सातेरी झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक समांतर पोळी बांधते. म्हणून तिला चौकटींच्या पेटीत नांदविता येते. नांदविता येते याचा अर्थ ती बांधील असते, असा मात्र नाही. अन्न कमी पडले, मेणकिडा शिरला, मुंग्यांचा त्रास झाला किंवा ऊन-वारा सोसवेना झाला की सारी वसाहत एका सकाळी पेटी सोडून निघून जाते. मागे उरतात रिकाम्या चौकटी आणि वर्षभराची वाया गेलेली मेहनत.

म्हणून आठवड्याला एकदा तरी प्रत्येक पेटी उघडावी लागते. चौकट उचलून राणीने अंडी घातली आहेत की नाही, हे बारकाईने पाहावे लागते. तळपाट साफ करावा लागतो. घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्यांची वाट अडवावी लागते. वसाहत फुटण्याच्या दिवसांत नव्या राणीची घरे शोधावी लागतात, आणि माश्यांचा थवा उडालाच तर त्याच्या मागे रानोमाळ धावावे लागते. पावसाळ्यात फुले नसतात. तेव्हा स्वतःच्या घरच्या चहात साखर मोजून घालणारी बाई माश्यांसाठी मात्र किलोकिलोने साखरेचा पाक करते. कारण वसाहत जगली नाही तर पुढच्या वैशाखात मध नाही.

या कामाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. पेट्या उघडणे आणि मधाचा सौदा करणे ही पुरुषाची कामे मानली जातात. चौकटी धुणे, पाक करणे, मधयंत्राची मूठ फिरविणे, मध गाळणे, बाटल्या उकळून वाळविणे, भरणे, चिठ्ठ्या चिकटविणे ही कामे घरातील बाईच्या आणि मुलांच्या वाट्याला येतात. ही दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब आहे. परंतु प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, बँकेचे खाते आणि बाटलीवरचे नाव बहुतेक वेळा पुरुषाचे असते. जोडधंद्याच्या आतही अशा रीतीने आणखी एक जोडधंदा लपलेला असतो, आणि त्याची तर गणतीच होत नाही.

देशावरच्या मैदानी मुलखात चित्र निराळे आहे, पण अधिक सुखाचे नाही. तेथे इटालियन जातीची मेलिफेरा माशी पाळतात. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ही माशी उत्तर भारतात यशस्वीपणे रुजली आणि पुढे देशभर पसरली. ती मध अधिक देते, परंतु तिला फुलोऱ्यामागे हिंडवावे लागते. कोठे सूर्यफूल, कोठे ओवा, कोठे तीळ, थंडीत राजस्थानची मोहरी, असा हा प्रवास चालतो. पेट्या रात्री मालमोटारीत चढवायच्या, उजाडण्याच्या आत नव्या शिवारात उतरवायच्या, आणि मग महिना-दीड महिना राहुटीत राहून त्यांची राखण करायची. माश्या पिकाचा रस शोषून घेतात, अशी समजूत आजही अनेक गावांत आहे. त्यामुळे शेताच्या बांधावर जागा मिळविण्यासाठी विनवण्या कराव्या लागतात. वस्तुतः त्या शेताचे उत्पन्न याच माश्या वाढवून देत असतात. कॅलिफोर्नियातील बदामाचे बागायतदार एका पेटीमागे सुमारे २०० डॉलर भाडे मोजतात. महाराष्ट्रातही काही डाळिंब आणि कांदा-बियाणे उत्पादक भाडे देऊ लागले आहेत. परंतु बहुसंख्य मधपाळ परागीभवनाची ही सेवा फुकट देतात आणि वर उपकारही मानतात.

हिशेब मांडून पाहावा

आता पैशाकडे वळावे. सातेरीच्या १० पेट्यांचे एक छोटे केंद्र धरावे. खादी आयोगाच्या योजनेत एका लाभार्थ्यास साधारणपणे दहाच पेट्या मिळतात. एका पेटीतून वर्षाला ६ किलो मध धरला, तर ६० किलो होतो. किलोला ५०० रुपये असा चांगला भाव सर्व मधाला मिळाला असे मानले, तरी वर्षाचे ३०,००० रुपये झाले. साखर, मेणपत्रे, पेट्यांची झीज, बाटल्या आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून ८,००० रुपये वजा करावेत. राहिले २२,०००. देखभाल, मध काढणे, भरणे आणि विकणे यांत घरातील सर्वांचे मिळून १०० दिवस जातात असे धरले, तर एका दिवसाच्या कामाचे २२० रुपये पडतात.

२०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे सारे काही सुरळीत झाले, एकही वसाहत पळाली नाही, पाऊस अवेळी आला नाही आणि सगळा मध चढ्या भावाने खपला, तरीही ज्याला ‘उद्योजक’ म्हणून गौरविले जाते त्या माणसाची मिळकत खडी फोडणाऱ्या मजुराहून कमी भरते. आणि हाच मध व्यापाऱ्याच्या हाती २५० रुपयांनी गेला तर? १५,००० मधून ८,००० वजा जाता दिवसाला उरतात ७० रुपये. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. गावागावांत ते थोडे कमी-अधिक होतील. परंतु ज्या खात्याला हे मान्य नसेल, त्याने मधपाळाच्या घरी बसून श्रमाच्या दिवसांसह हिशेब मांडावा आणि प्रसिद्ध करावा. पेट्यांची संख्या प्रसिद्ध होते, टनांचे आकडे प्रसिद्ध होतात, निर्यातीचे डॉलर प्रसिद्ध होतात. मधपाळाच्या एका दिवसाच्या श्रमाचे मोल मात्र त्या तक्त्यांत शोधून सापडत नाही.

पेट्यांची मोजदाद

सरकारने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मधमाशीपालनाला ग्रामोद्योगांत मानाचे स्थान दिले. महाबळेश्वरच्या परिसरात हा व्यवसाय शास्त्रीय पद्धतीने उभा राहिला, राज्याचे मध संचालनालय तेथे आहे, मध उत्पादकांची सहकारी संस्थाही तेथे उभी राहिली. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. झाडाची ढोली फोडून, पोळे पिळून, अंडीपिल्ली चिरडून मध काढण्याच्या जागी चौकट आणि मधयंत्र आले, हे या प्रयत्नांचे खरे श्रेय आहे. ज्या कार्यकर्त्यांनी डोंगरातील वाड्यावस्त्यांवर पायी फिरून ही विद्या शिकविली, त्यांचे ऋण मानलेच पाहिजे.

परंतु शिकविण्याच्या त्या चळवळीची जागा पुढे वाटपाने घेतली. २०१७ मध्ये खादी आयोगाने मध अभियान सुरू केले आणि ‘गोड क्रांती’ हा शब्द प्रचारात आला. २०२० मध्ये केंद्राने राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची घोषणा केली. मे २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पुढे भुदरगड तालुक्यातील पाटगावालाही तो मान मिळाला. या दोन्ही गावांतील कुटुंबांनी तो मान कष्टाने मिळविला आहे, त्याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो क्रांतीच्या मोजमापाचा. पेट्या किती वाटल्या, हे मोजले जाते. तीन वर्षांनी त्यांतील किती पेट्यांत माश्या नांदत आहेत, हे मोजून लोकांपुढे मांडले जाते काय? कोकणात आणि घाटावर गोठ्याच्या माळ्यावर, पडवीच्या कोपऱ्यात पडलेली रिकामी पेटी अनेकांनी पाहिली असेल. वाटपाच्या तक्त्यात ती पेटीही यशाच्याच रकान्यात असते.

राज्याच्या मध केंद्र योजनेत निम्मे अनुदान, निम्मी स्वतःची गुंतवणूक आणि शासनाच्या हमीभावाने मधाची खरेदी, असे शब्द आहेत. हमीभाव हा शब्द कागदावर आला, ही चांगलीच गोष्ट. परंतु हमी म्हणजे काय, हे कापूस आणि तूर पिकविणाऱ्याला विचारावे. खरेदी केंद्र केव्हा उघडते, किती दिवस चालते, पैसे कधी हाती पडतात आणि ‘दर्जा नाही’ म्हणून माल कोणाचा परत जातो, यावर हमीचे खरेखोटेपण ठरते. मागेल त्या मधपाळाचा शुद्ध मध गावाजवळ रोख पैसे मोजून घेतला जाईल, असे कायद्याने बंधन नसेल, तर तो हमीभाव योजनेपुरता आणि तरतूद उरेल तोवरचाच राहणार.

बाजारातील पाक

यावर एक ठरलेले उत्तर येते. मधपाळाने सरकारकडे डोळे लावून बसू नये, सुंदर बाटली करावी, स्वतःचे नाव लावावे आणि बाजारात उतरावे. हा बाजार कसा आहे, ते डिसेंबर २०२० मध्ये सर्व देशाने पाहिले. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने १३ नामांकित छापांच्या मधाचे नमुने तपासून घेतले. त्यांतील केवळ ३ छापांचे नमुने सर्व कसोट्यांना उतरले. देशातील ठरलेल्या चाचण्यांना चकवा देण्यासाठीच बनविलेले साखरेचे पाक मधात मिसळले जातात, असा त्या संस्थेचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी तो नाकारला. परंतु त्या सुमारास उत्तर भारतातील मधपाळांना घाऊक मधाला किलोमागे १०० रुपयेही मिळत नव्हते, ही वस्तुस्थिती कोणी नाकारू शकले नाही.

दोहोंचा संबंध समजण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. तांदळाच्या किंवा उसाच्या पाकाला फुलोरा लागत नाही, राणी लागत नाही, रात्रीची राखण लागत नाही. तो कारखान्यात टाक्यांनी तयार होतो. असा पाक मधाच्या नावाने आणि मधाच्या किमतीला विकण्याची सोय असेल, तर खरा मध महाग घेण्याची व्यापाऱ्याला गरज काय? भेसळीची चर्चा नेहमी ग्राहकाच्या फसवणुकीपाशी थांबते. ग्राहक फसतो हे खरेच. पण त्याचे नुकसान एका बाटलीचे असते. मधपाळाचा सारा हंगाम त्या पाकात बुडतो.

छोटे मधपाळ सारे धुतल्या तांदळासारखे आहेत, असेही मानण्याचे कारण नाही. फुलोरा चालू असताना पाक पाजणारे, मध पिकण्याआधीच काढणारे, बाटलीत साखर ढवळणारे त्यांच्यातही आहेत, आणि त्यांचे समर्थन करता येणार नाही. परंतु रस्त्याकडेच्या बाटलीतील भेसळ जिभेला बहुधा कळते. टाकीतील भेसळ पकडण्यासाठी प्रगत प्रयोगशाळा गाठावी लागते. १ ऑगस्ट २०२० पासून अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी चुंबकीय अनुस्पंदनाची प्रगत चाचणी सक्तीची झाली. देशातील लोकांच्या ताटात पडणाऱ्या मधाला ती सक्ती त्या वेळी लागू झाली नाही. परदेशी ग्राहकाला एक न्याय आणि देशी ग्राहकाला दुसरा, असा हा प्रकार आहे.

भावाच्या बाबतीतही तेच. मार्च २०२४ मध्ये केंद्राने नैसर्गिक मधाच्या निर्यातीसाठी टनामागे २००० डॉलरची किमान किंमत ठरविली. म्हणजे किलोला २ डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे १६५ रुपये. बंदरावर मधाला तळभाव असू शकतो, मग राहुटीच्या दाराशी का असू नये? निर्यातदाराने किती रुपयांच्या खाली विकू नये हे सरकार सांगते. त्याने मधपाळाकडून किती रुपयांच्या खाली विकत घेऊ नये, हे सांगताना मात्र बाजाराच्या स्वातंत्र्याची आठवण होते. जंगलातून गोळा केलेल्या मधाचा समावेश २०१३-१४ च्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत झाला होता, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मधाला गौण वनोपज म्हणून त्यावर वनवासींचा हक्क मान्य केला. त्या हक्काची अंमलबजावणी अपुरी आहे, पण तत्त्व मान्य झाले आहे. पेटीतील मधाला तेच तत्त्व लावण्यात अडचण कोणती?

महाराष्ट्रात याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. उसाला रास्त व किफायतशीर दर कायद्याने मिळतो. साखरेलाही २०१८ पासून विक्रीची किमान किंमत ठरवून देण्यात आली. साखर अधिक पवित्र आणि मध कमी पवित्र, असा काही शास्त्रार्थ यामागे नाही. ऊस उत्पादक संघटित आहे, रस्त्यावर उतरतो आणि मतपेटी हलवितो. मधपाळ दहा वाड्यांत दहा, असा विखुरलेला आहे. पेटीतील माशीला एकजूट शिकवावी लागत नाही. पेटीच्या मालकांची एकजूट मात्र अजून झालेली नाही.

फुलोऱ्यावरचा हक्क

भाव मिळाला तरी फुले हवीत. १९९१-९२ मध्ये सातेरीच्या अळ्यांना होणाऱ्या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील वसाहती मोठ्या संख्येने नष्ट झाल्या आणि हजारो कुटुंबांचे उत्पन्न एका-दोन हंगामांत बुडाले. त्या अनुभवानंतर तरी वसाहतींची नोंद, रोगाची पाहणी आणि नुकसानीची भरपाई यांची पक्की व्यवस्था व्हावयास हवी होती. आज ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी, फुलावर माशी असतानाच कीटकनाशकाचा फवारा मारला जातो. युरोपीय संघाने माश्यांना घातक म्हणून तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरावर २०१८ मध्ये बंदी घातली. भारतात अशी बंदी आली नाही. गारपिटीने द्राक्षे गेली तर तलाठी पंचनाम्याला येतो. पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा खच पडला तर त्याचा पंचनामा कोणत्या रकान्यात करायचा? फवारणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊनही भागणार नाही. त्याला औषध विकणारा गावोगाव पोचतो, सायंकाळी फवारा असे सांगणारा पोचत नाही.

डोंगरावर वणवे लागतात, रानाच्या जागी बंगले उठतात. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी एका मोसमात तोडली की पुढच्या फुलोऱ्याचाच हिशेब चुकतो. मधपाळाचे भांडवल पेटीत नसते, ते रानात असते. आणि त्या रानाविषयी निर्णय घेताना त्याला कोणी विचारत नाही.

मागण्या आणि काम

या सर्वांतून निघणाऱ्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक मधपाळ कुटुंबाची नोंद व्हावी, आणि ती पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावी. श्रमाचे दिवस धरून मधाचा उत्पादनखर्च काढला जावा आणि त्यावर आधारलेला भाव कायद्याने बंधनकारक व्हावा. निर्यातीच्या मधाला लागणारी चाचणी देशात विकल्या जाणाऱ्या मोठ्या छापांनाही लागू व्हावी, तिचा खर्च कंपनीने सोसावा. छोट्या उत्पादकाची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत विनामूल्य व्हावी. मेलेल्या वसाहतीचा पंचनामा व भरपाई पिकाप्रमाणेच मिळावी. भाड्याने पेट्या घेणाऱ्या बागायतदारासाठी भाड्याचा किमान दर ठरावा.

मागण्या लिहून ठेवल्याने मिळत नाहीत. प्रवरेकाठी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो शेतकरी एकत्र आले म्हणून. पुढे अनेक कारखाने कोणाच्या मुठीत गेले, हेही सर्वज्ञात आहे. मधपाळांच्या सहकारी संस्था उभारताना तो धडा विसरता येणार नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात मधपाळ किती आहेत, याची यादी आधी करावी. प्रत्येक घरी जाऊन पेट्यांचा, किलोंचा आणि दिवसांचा हिशेब मांडावा, आणि तो मांडताना घरातील बाईला समोर बसवावे. कारण खरा हिशेब बहुधा तिलाच ठाऊक असतो. दहा घरांचे हिशेब एकत्र ठेवले की जोडधंदा या शब्दाचा फोलपणा सांगण्यास व्याख्यान लागणार नाही.

पुढच्या २० मे रोजी पुन्हा भाषणे होतील. त्या दिवशी तालुक्याच्या कचेरीसमोर मधपाळ कुटुंबे हे हिशेब हातात घेऊन उभी राहिली, तर माशीच्या उद्योगशीलतेवर बोलणाऱ्यांना प्रथमच माणसाच्या मजुरीवर बोलावे लागेल.